राजवाड्यासमोर सावल्यांची मापं: रस्त्यावरच्या एका उत्स्फूर्त सादरीकरणाचं चित्रीकरण

इंदूरच्या राजवाड्यासमोरचा चौक, जानेवारीचा मध्य, बुधवारची सकाळ. एक सादरकर्ती. तिच्याकडे शिंप्याची दीड मीटरची टेप आणि शाळेतला पांढरा खडू, एवढंच. येणाऱ्याजाणाऱ्याला ती विचारते, "आपकी परछाईं नाप लूँ?" माणूस हो म्हणाला की टेपचं एक टोक त्याच्या पायाशी धरायचं, सावली डोक्यापर्यंत मोजायची, आकडा फरशीवर लिहायचा आणि पुढच्याकडे वळायचं. संवाद लिहिलेले नाहीत, क्रम ठरलेला नाही, कोण थांबेल ते माहीत नाही. ठरली होती ती फक्त वेळ, 8:30 ते 9:15. टिपायला तीन कॅमेरे आणि सादरकर्ती सोडून पाच माणसं.

सादरीकरण 41 मिनिटं चाललं. त्यातला मधला मोठा तुकडा चित्रीकरणानेच बिघडवला, आणि जो सगळ्यांत चांगला क्षण होता तो जवळच्या कॅमेऱ्यात आलाच नाही. तरीही हाती काम लागलं. ते का लागलं, हे तपशिलात पाहण्याजोगं आहे.

उन्हाचं गणित

सावली हाच विषय, त्यामुळे वेळापत्रक सूर्याने ठरवलं. इंदूर 22.7 अक्षांशावर आहे. जानेवारीच्या मध्यात तिथे सूर्य सव्वासातच्या आत उगवतो आणि माध्यान्ह घड्याळात साधारण 12:36 ला येतं. पाच फूट तीन इंच, म्हणजे 1.6 मीटर उंचीच्या माणसाची सावली 8:00 ला सव्वानऊ मीटर पडते. 8:30 ला ती 5.7, 9:15 ला 3.6 आणि 10:00 ला जेमतेम अडीच मीटर. आठच्या सावल्या दिसायला सुरेख, पण इतक्या लांब की चौकटीत मावत नाहीत. दहा वाजता त्यांतली गंमत संपलेली असते. मधला पाऊण तास तेवढा कामाचा.

या हिशोबात इमारतीही धराव्या लागतात, आणि पाहणीला जाणारे नेमके हेच विसरतात. 8:30 ला सूर्य क्षितिजापासून जेमतेम 16 अंशांवर असतो. दहा मीटर उंचीच्या दुकानांच्या रांगेची सावली तेव्हा 35 मीटर लांब असते, 9:15 ला ती 22 वर येते. म्हणजे ऊन-सावलीची कड मिनिटाला सरासरी 30 सेंटिमीटर सरकते. पाहणी दुपारी केली तर चौक लख्ख दिसतो आणि सकाळी तिथेच अर्धा चौक काळोखा निघतो. इथे पाहणी आदल्या आठवड्यात त्याच वेळेला झाली. दर 15 मिनिटांनी कड कुठे आहे त्याची फोनवर छायाचित्रं घेतली, आणि सादरकर्तीने कोणत्या वेळी कोणत्या पट्ट्यात राहायचं ते त्यावरून ठरलं. मकर संक्रांतीचे दोन दिवस वगळले होते. धुकं आलंच तर शुक्रवार हातात ठेवला होता.

बांधकामवाल्यांची 30 मीटरची टेप का नाही, असं कुणी विचारेल. दीड मीटरच्या टेपने पावणेसहा मीटरची सावली मोजायची तर टेप चार वेळा टाकावी लागते. दर वेळी कुणीतरी टोक धरावं लागतं, आकडे चुकतात, बेरीज तोंडी होते. एका सावलीला साधारण दीड मिनिट लागतं आणि तेवढ्यात बोलणं आपोआप सुरू होतं. लांब टेपने काम दहा सेकंदांत उरकलं असतं आणि टिपायला काहीच उरलं नसतं.

खडूही नीट निवडावा लागतो. शिंप्याचा मेणचट खडू दगडावर घट्ट बसतो, तो नको. शाळेचा खडू आधी कोरड्या खराट्याने झाडायचा, मग पाणी टाकायचं. थेट ओल्या फडक्याने पुसला तर पांढरं दूध होऊन फरशीच्या छिद्रांत उतरतं. इंदुरात रस्ता घाण केला तर जागच्या जागी दंड होतो आणि त्याला कुणी हसत नाही, म्हणून दोन बादल्या पाणी, खराटा आणि कचऱ्याची पिशवी हेही यादीतलंच सामान होतं.

कॅमेरे कुठे

गॅलरीतला कॅमेरा पहिल्या मजल्यावर, चौकापासून आडवं अंतर 28 मीटर, उंची सहा मीटर. फुल-फ्रेम बॉडीवर 35 मिमी ठेवल्यावर चौकाचा सुमारे 29 मीटर रुंद पट्टा चौकटीत येतो. हा सुरू केला की 41 मिनिटं कुणी हात लावायचा नाही. ट्रायपॉडऐवजी कठड्यावर दोन किलो वाळूची पिशवी, कारण जुन्या गॅलरीच्या लाकडी जमिनीवर कुणी चाललं तरी ट्रायपॉड हलतो. दुकान अकराला उघडायचं. मालक काकांनी आदल्या रात्री किल्ली दिली आणि वर बजावलं, "दिवे लावू नका, लोकांना दुकान उघडलं वाटेल."

लांबचा कॅमेरा 70-200 लेन्स लावून एका बंद दुकानाच्या छपराखाली, 30 मीटरवर, मोनोपॉडवर. 200 मिमीला तिथून साडेपाच मीटर रुंदीचा तुकडा मिळतो, म्हणजे एक माणूस आणि त्याची बहुतेक सावली. हातातला कॅमेरा गिंबलवर (हाताची थरथर शोषणाऱ्या दांड्यावर), 35 मिमी, सादरकर्तीच्या आसपास फिरता. घोटाळा याच कॅमेऱ्याने केला. तो पुढे येतोच.

तिन्हींवर सेकंदाला 25 फ्रेम, शटर सेकंदाचा 1/50. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झ आहे, त्यामुळे दुकानांचे एलईडी फलक या वेगाला लुकलुकत नाहीत. फोन 30 फ्रेमवर सोडला तर पट्टे आलेच. व्हाइट बॅलन्स तिन्हींवर 5200 केल्विनला बांधलेला, नाहीतर सूर्य वर येताना प्रत्येक कॅमेरा आपापल्या मनाने रंग बदलतो. आयएसओ 800, एफ 5.6, सकाळचं तिरपं ऊन. याला सहा स्टॉपचा, म्हणजे 1.8 चा एनडी फिल्टर बसतो, उजेड सहा वेळा निम्मा करणारी काळसर काच. फिरवून कमीजास्त होणारा एनडी सोयीचा, पण इथे टाळला. तो दोन ध्रुवक काचांचा असतो, त्यामुळे कॅमेरा वळला की फरशीवरची चकाकी आणि सावलीचा गडदपणा बदलतो. विषयच सावली असेल तर हे परवडत नाही.

100 एमबीपीएसने तासाला 45 जीबी भरतात, 41 मिनिटांना 31 जीबी. 64 जीबीचं मेमरी कार्ड पुरतं. बॅटरीचा भरवसा मात्र धरू नये. गॅलरीतल्या कॅमेऱ्याला पॉवर बँकेवरची डमी बॅटरी होती, हातातल्याला नव्हती. सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवणारी टाइमकोडची पेटी नव्हती, म्हणून सुरुवातीला 8:24 ला आणि शेवटी पुन्हा एकेक मोठी टाळी. पाऊण तासात वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळं दोनेक फ्रेम सरकतात. शेवटची टाळी नसेल तर ओठ आणि आवाज कुठे सुटले ते शोधत बसावं लागतं.

कागद

इंदुरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे जमावबंदीचे आदेश निघतात ते आयुक्तांच्या कार्यालयातून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 कलमाखाली (जुनं 144) त्या आठवड्यात काही लागू आहे का, हे आधी पाहिलं. मग ठाण्यात अर्ज दिला. त्यात तारीख, वेळ, माणसं, कॅमेरे, "मंच नाही, ध्वनिक्षेपक नाही, रस्ता अडवणार नाही" असं स्पष्ट लिहिलं आणि शिक्का मारलेली पोच घेतली. अर्ज हिंदीत, एक पान. रस्ता अडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या 285 कलमाखाली पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे जमिनीवर स्टँड, दिवा, वायर काहीच नको हे ठरलं. राजवाड्याच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं तर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. आत जायचंच नव्हतं. मागे दिसणारे सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, बाहेरून दिसले तेवढे पुरे. ड्रोनचा विचार पहिल्याच बैठकीत सोडला. विमानतळ जवळ, गर्दी दाट, आणि ड्रोन उडाला की अख्खा चौक मान वर करून उभा राहतो.

पोलिसांशी बोलणारा माणूस एकच, आणि तो ना सादरकर्ती ना कॅमेरावाला. 8:40 ला वाहतूक शिपाई आलाच. पोच पाहिली, परत दिली आणि म्हणाला, "शूटिंग करो, पर भीड़ मत लगवाओ, भिया." अख्ख्या सकाळीत नेमकी सूचना कुणी दिली असेल तर या माणसाने, आणि तीन मिनिटांत आपण तीच मोडली.

गर्दी कॅमेऱ्याने जमवली

पहिली तेरा मिनिटं ठरल्यासारखी गेली. लोक थांबत होते, मोजून घेत होते, हसत पुढे जात होते. 8:43 ला हातातला कॅमेरा मोह होऊन आत गेला. दोन मीटरवर, गिंबल फिरवत, अर्धवर्तुळात. त्याच क्षणी सादरकर्ती 'खडूवाली बाई' राहिली नाही, 'शूटिंगची बाई' झाली. चार मिनिटांत तीसेक माणसांचं कडं झालं, निम्म्यांच्या हातात फोन. या चौकाला जमायची सवयच आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, इथूनच जाते.

आता पुन्हा आकड्यांकडे या. पावणेनऊला माणसाची सावली पावणेपाच मीटर. कड्याची त्रिज्या सुमारे तीन मीटर. सूर्य आग्नेयेकडून. म्हणजे त्या अंगाला उभ्या असलेल्या प्रत्येकाची सावली कड्याच्या मध्यापर्यंत आणि त्याही पलीकडे पोचते. आत मोजायला सावलीच उरली नाही, सगळाच एक काळा डाग झाला. त्यात कॅमेरावाल्याची आणि गिंबलचीही सावली.

सादरकर्तीने जे केलं ते उत्स्फूर्त कामाचं चांगलं उदाहरण. ती वाकली आणि त्या डागाच्या कडेने टेप टाकू लागली, वाकडीतिकडी, माणसांच्या बुटांना वळसे घालत, प्रत्येकाला "ये आपका हिस्सा" म्हणत. हातातल्या कॅमेऱ्यात याचे नुसते पाय आणि कोपरे आले आहेत. लांबच्या कॅमेऱ्यात पाठी. वरून मात्र आकार पूर्ण दिसतो: माणसांचं कडं, आत काळा डाग, त्याच्या कडेने सरकणारी वाकलेली बाई. ही सहा मिनिटं वाचली ती गॅलरीमुळे.

कडं मोडलं कसं? पोलिसांशी बोलणाऱ्या माणसाने टोपी काढून डोकं खाजवलं. ही ठरलेली खूण होती. कॅमेरावाला बाहेर आला आणि राजवाड्याच्या वरच्या मजल्यांचं चित्रण करत बसला. फोनवाले त्याच्यामागे गेले, मग कंटाळून पांगले. सादरकर्ती पंधरा मीटर सरकून पुन्हा एकट्या माणसाशी बोलू लागली. "भाईसाब, जरा हटिए" हे कुणी एकदाही म्हणालं नाही. ते म्हटलं की लोकांना आपण प्रेक्षक आहोत हे पक्कं कळतं आणि ते आणखी घट्ट उभे राहतात.

चूक कॅमेरावाल्याची म्हणून सोडता येत नाही. सादरकर्तीचे नियम एका पानावर लिहिले होते, कॅमेऱ्याचे नव्हते. चौकात फिरणारा कॅमेरावाला हाही त्या सादरीकरणातलं पात्र असतो, त्याला मान्य असो वा नसो, आणि पात्राला नियम लागतात. नंतर ते लिहिले गेले: पाच मीटरच्या आत जायचं नाही. गोल फिरायचं नाही. सूर्य आणि माणूस यांच्या मध्ये कधीच यायचं नाही. एका भेटीचं दीड मिनिटापेक्षा जास्त टिपायचं नाही, मग कॅमेरा कमरेला. स्क्रीन उघडी ठेवायची नाही, कारण मागचे लोक त्यातच डोकावतात.

झाडू

8:59 च्या सुमारास एक सफाई मित्र, म्हणजे सफाई कामगार, बाई आल्या. हातात लांब दांड्याचा झाडू. आधी आकड्यांकडे पाहून कपाळाला आठी, "ये मिटाओगे ना?" सादरकर्तीने कोपऱ्यातल्या बादल्या दाखवल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला. बाईंनी थोडा विचार केला. "झाडू मिला के, कि बिना झाडू?"

दोन्ही मापं झाली. बिनाझाडू 3 मीटर 80. मग बाईंनी झाडू उभा डोक्यावर धरला आणि माप पाच मीटरच्या पुढे गेलं. दोन्ही आकडे शेजारी लिहिले. नंतर बाईंनी आपल्या वाटेतले आधीचे चार आकडे शांतपणे झाडून टाकले आणि स्वतःचे दोन ठेवले. सादरकर्तीने अडवलं नाही.

या वेळी हातातला कॅमेरा बॅटरी बदलत होता. लांबच्यासमोर ई-रिक्षा उभी राहिली. चित्र आहे ते फक्त वरून, 29 मीटरच्या पट्ट्यात, बोटाच्या पेराएवढं. आवाज मात्र स्वच्छ आहे, एकेक शब्द.

याचं श्रेय सादरकर्तीच्या अंगावरच्या माइकला. वायरलेस संच मुद्दाम नेला नव्हता, बाजारात 2.4 गिगाहर्ट्झवर इतकी गर्दी असते की तीस मीटरवर आवाज तुटतो. कॉलरच्या आत लॅव्हेलियर, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, खिशात 32-बिट फ्लोटचा छोटा रेकॉर्डर, 48 किलोहर्ट्झ, चालू करून बटण कुलूपबंद. 32-बिट फ्लोटमुळे पातळी लावत बसावं लागत नाही. हॉर्न फाटत नाही, कुजबुज बुडत नाही, मात्र माइकच्याच सहनशक्तीपलीकडचा आवाज तोही वाचवत नाही. एक चूक इथेही झाली. शिंपी टेप गळ्यात अडकवतात तशी तिने अडकवली आणि टेपचं पितळी टोक माइकवर आपटत राहिलं. पहिल्या सहा मिनिटांत सतत टिकटिक आहे. बोलणाऱ्या माणसाच्या खुणेवरून तिने टेप मनगटाला गुंडाळली, मग टिकटिक थांबली. तालमीत हे कळलं असतं, पण तालीम टेप हातात धरून झाली होती.

आवाजाचा दुसरा प्रश्न कचरागाडीवरचं गाणं आणि एका दुकानातलं भजन. प्रतिलिप्यधिकार कायदा 1957 च्या कलम 52(1)(यू) प्रमाणे सार्वजनिक जागी कायम असलेली कलाकृती चित्रपटात आली तर हरकत नाही. अहिल्याबाईंचा पुतळा चौकटीत बिनधास्त येऊ द्यावा. पण हे कलम कलाकृतीपुरतं आहे, संगीताला त्याची सवलत नाही. इंटरनेटवर टाकताच यंत्रं गाणं ओळखतात आणि दावा ठोकतात. म्हणून गाणं वाजत असलेले दोन तुकडे संकलनात मूक ठेवून गॅलरीत टिपलेला चौकाचा मोकळा आवाज त्यावर घातला. तो दोन मिनिटं आधी आणि दोन मिनिटं नंतर मुद्दाम नोंदवला होता.

होकार

मापाच्या आधी संमती मागितली तर भेट मरते. अजिबात मागितली नाही तर काम चोरीचं होतं. इथे पाचवा माणूस पंधरा मीटर पुढे उभा होता. माप झालेला माणूस तिथवर पोचला की नमस्कार, काय चाललंय ते दोन वाक्यांत, हिंदी-मराठी कार्ड आणि क्रमांकाची चिठ्ठी. फोनवर माणसाचा तोंडी होकार चिठ्ठीसह, वीस सेकंद. कार्डावर संपर्काचा नंबर आणि "तीन महिन्यांत कधीही नाही म्हणा" ही ओळ. नकार आला की क्रमांकाभोवती वर्तुळ. अठरा वर्षांखालच्यांना चित्रात घ्यायचं नाही हे ठरलं होतं. शाळेच्या गणवेशातली तीन मुलं हट्टाने मापून गेली. संकलनात त्यांच्या फक्त सावल्या आहेत, गणवेशावरचं चिन्हही नाही.

चौकातून निघण्याआधी तिन्ही कॅमेऱ्यांच्या मेमरी कार्डांच्या दोन प्रती दोन वेगळ्या एसएसडीवर झाल्या, त्या दोन वेगळ्या माणसांच्या पिशव्यांत गेल्या. फरशी धुवायला वीस मिनिटं लागली. झाडूवाले आकडे शेवटी धुतले.

संकलनात वरचा कॅमेरा कणा झाला. 41 मिनिटांचं अखंड चित्रण संग्रहासाठी जसंच्या तसं, आणि दाखवण्यासाठी 11 मिनिटांचा तुकडा, ज्यात एका भेटीच्या मध्ये काप नाही. झाडूचा प्रसंग पूर्ण वरूनच आहे. मोठं करून पाहिलं, पण 4के असूनही चेहरा धूसर होतो आणि धूसर चेहरा लपवल्यासारखा दिसतो. लांबूनच ठेवला.

सहाव्या दिवशी कार्डावरच्या नंबरवर निरोप आला, चिठ्ठी क्रमांक 14. आधी होकार दिलेले गृहस्थ. "मुझे हटा दो, परछाईं रहने दो." चेहरा पुसट करून भागणार नव्हतं, माणूसच नको होता. गॅलरीतला कॅमेरा हललेला नसल्याने रिकाम्या फरशीचा तुकडा त्याच्यावर बसवणं शक्य होतं, पण सुरुवातीला 8:24 ला टिपलेली रिकामी फरशी बसेना. तोवर ऊन-सावलीची कड आठ-नऊ मीटर सरकली होती, उजेडाचा रंगही वेगळा. शेवटी तो येण्याच्या 40 सेकंद आधीची आणि गेल्यानंतरच्या 25 सेकंदांतली फरशी दोन तुकड्यांत जोडली. सावली पायाशी जिथे सुरू होते तिथली बोटभर कड फ्रेमगणिक हाताने काढावी लागली. दीड मिनिटाला दोन दिवस गेले. अखंड चित्रणातही तोच बदल केला आणि जुनी फाइल दोन्ही एसएसडींवरून काढली. त्यांना तुकडा पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आकडा चुकलाय, 4.20 नाही, 4.35 हवा होता. आवाजात तपासलं. बेरीज सादरकर्तीचीच चुकली होती. तो आकडा तसाच ठेवला आहे.